तारेचं दुसरं टोक

शोभना गेली मंगळवारी सकाळी सात वाजता. क्षितिजाला ते कळलं बुधवारी दुपारी पाऊण वाजता. तिच्याकडे तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते.

मधल्या वेळात तिला किती फोन लावले ते कोणी मोजलं नाही. मी लावत होतो, दोन घरं सोडून राहणारे कृष्णराव लावत होते, त्यांचा मुलगा आशिष लावत होता. आशिषचं इथे इंदोरात पलासियाला मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे आम्हाला वाटलं त्याच्या हाताने तरी लागेल. नाही लागला.

क्षितिजा आमची एकुलती एक मुलगी. आयर्लंडमध्ये राहते, पण शहरात नाही. जावई हृषीकेश तिथल्या एका दुधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. कारखाना गावाबाहेर, आणि यांचं भाड्याचं घर त्याच्याही पलीकडे, टेकडीच्या मागे, एका अरुंद रस्त्याच्या शेवटी. घरात मोबाईल लागत नाही. मोबाईलवर बोलायचं तर गाडी काढून टेकडीवर जायचं. घरात होतं ते फक्त नेट, तांब्याच्या जुन्या तारेवरून येणारं. त्याच नेटवरून ती आमच्याशी बोलायची. सोमवारी संध्याकाळपासून ते बंद होतं. ते वरचेवर बंद पडायचं, म्हणून त्या दोघांनी मनावर घेतलं नाही. मंगळवारी हृषीकेशला सुट्टी होती. बुधवारी सकाळी तो कामाला निघाला, गाडी टेकडीवर आली आणि खिशातला मोबाईल वाजायचा थांबेना. त्याने गाडी वळवली.

इकडे मंगळवारी संध्याकाळपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग कृष्णराव माझ्याजवळ बसून म्हणाले की आता उठावं लागेल. मुक्तिधामला, म्हणजे स्मशानात, न्यायला साडेपाच झाले. सगळं मी केलं.

बुधवारी घरचा तारेचा फोन वाजला. आमच्याकडे तो अजून आहे. काळ्या रंगाचा, वर जाळीचं विणलेलं कव्हर, शोभनाने लालबागच्या मेळ्यातून आणलेलं. फोन तिच्याच नावावर आहे. घेतला तेव्हा मुद्दाम तिच्या नावावर घेतला होता, म्हणजे डिरेक्टरीत तिचं नाव छापून येईल. आलं होतं. ते पान तिने खूप वर्षं जपून ठेवलं.

मी रिसीव्हर उचलला आणि गप्प राहिलो. पलीकडून क्षितिजा "बाबा" म्हणाली. मग परत म्हणाली. मग रडायला लागली. तेव्हा मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

त्या रात्री झोपताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून बसलो. ज्या तारेवरून क्षितिजाचं नेट येतं, ती टेलिफोनची तार आहे. तिला नंबर असणारच. नेट जरी बंद पडलं तरी त्या तारेला साधा फोन लावला असता, तर घंटी वाजली असती. पण त्यांनी फोन कधी लावलाच नव्हता, आणि नंबर कोणाकडे नव्हता. मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतो. दुसऱ्यांच्या घरी घंटी वाजवून दिली. आणि स्वतःच्या मुलीच्या तारेचा नंबर मी विचारला नव्हता. ही चूक माझी होती. अजूनही माझीच आहे.

*

क्षितिजा नवव्या दिवशी आली आणि तेराव्यानंतर चार दिवस राहिली.

तिच्या कामाबद्दल इथे सांगावं लागेल. तिकडे एकटे राहणारे म्हातारे लोक गळ्यात एक बटन घालतात. पडले, चक्कर आली, घाबरले, की बटन दाबायचं. कॉल एका कंपनीकडे जातो आणि तिथली माणसं घरबसल्या तो घेतात, बोलतात, शेजाऱ्याला नाहीतर ॲम्बुलन्सला कळवतात. क्षितिजाला हे काम मिळालं होतं. शिकून झालं होतं, परीक्षा पास झाली होती. फक्त एक अट राहिली होती. घरची तारेची लाईन चौदा दिवस सलग एकदाही तुटता कामा नये. कंपनीने एक डबा दिला होता, तो लाईन तुटल्याची नोंद ठेवायचा. मोबाईलचं नेट नाही चालणार, छतावरची डिश नाही चालणार. दोनदा चाचणी झाली होती. एकदा अकराव्या दिवशी लाईन गेली, एकदा सहाव्या. तिसरी चाचणी एक जुलैपासून, आणि ती शेवटची.

शोभनाने मात्र काम लागलं असंच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. राजेंद्र नगरच्या भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की आमची मुलगी विलायतेत फोनवरून म्हाताऱ्यांना उठवते. भाजीवाला तर विचारायचा, "काकीजी, आज कितने उठाए?" ती पण आकडा सांगायची. मनाने.

अकराव्या दिवशी दुपारी सगळे पाहुणे पडले होते. क्षितिजा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी ते काम सोडते. त्यांना कळवून टाकते."

मी विचारलं का.

"माझी आई गेली ते मला दीड दिवस कळलं नाही. मी दुसऱ्यांच्या आयांना काय सांभाळणार?"

मी म्हटलं, "तुझ्या आईने अर्ध्या इंदोरला सांगून ठेवलंय. आता काम नाही लागलं म्हणून मी कोणाकोणाच्या घरी जाऊन सांगू?"

ती हसली, पण थोडंसंच. मग म्हणाली, "तुम्ही बुधवारी फोन उचलून बोललाच नाहीत. मला वाटलं तुम्ही रागावलात. वाटलं, आता बोलणारच नाहीत."

तेव्हा मला कळलं की माझ्या सवयीचा तिने काय अर्थ लावला होता, आणि ती इतके दिवस तो मनात घेऊन फिरत होती. मी तिला समजावून सांगितलं. लहानपणी तिने हे शंभर वेळा पाहिलं होतं, पण मुलं कुठे लक्ष देतात.

लाईनमन खांबावर लाईन दुरुस्त करतो, तेव्हा ती नीट झाली की नाही हे एकट्याला कळत नाही. कुठेतरी फोन लावून पाहावा लागतो. बाकीचे एक्सचेंजला लावायचे. एक्सचेंजवाले कामात असायचे, "हां हां, ठीक है" म्हणून ठेवून द्यायचे. म्हणून मी घरी लावायचो. शोभना उचलायची. आमचा नियम होता. फोन उचलला की दोघांनी मनात तीन आकडे म्हणायचे आणि गप्प राहायचं. कोणी बोलत नसेल तेव्हाच तारेचा आवाज ऐकू येतो. तीन झाले की ती सांगायची: खरखर आहे, किंवा दुसरं कोणी बोलतंय, किंवा साफ. तिने "साफ" म्हटलं की मी खाली उतरायचो. हेडफोन लावून बसलेल्या एक्सचेंजच्या माणसांपेक्षा तिचा कान चांगला होता. सव्वीस वर्षं ती माझं दुसरं टोक होती. पगार खात्याने मला एकट्याला दिला.

तेव्हापासून मी कोणाचाही फोन उचलला तरी आधी तीन म्हणतो. बुधवारी पण म्हटले. हातच तसा झाला आहे.

क्षितिजाने सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "काम सोडायचं तर सोड. पण आधी तिसरी परीक्षा दे. लाईन मी बघतो."

"इथून?"

"इथून."

*

ती परत गेली आणि मी तिला तीन कामं सांगितली. पहिलं, तारेचा नंबर मला दे. दुसरं, जुन्या सामानाच्या दुकानातून एक साधा तारेचा फोन आण आणि भिंतीतल्या खाचेत लाव. तिसरं, एक वही कर. लाईन कधी गेली, कधी आली, पाऊस होता का, वारा होता का, घरात कोणतं मशीन चालू होतं, आणि बाहेर काय दिसत होतं, सगळं लिही.

"बाहेर काय दिसत होतं म्हणजे?" तिने विचारलं.

"जे दिसेल ते. तू फक्त लिही, अर्थ लावू नको."

आशिषला हे कळल्यावर तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. चांगला मुलगा आहे, पण त्याला वाटतं की जग त्याच्या दुकानापासून सुरू होतं. म्हणाला, "काका, वो खांबे का जमाना गया. आता सगळं राउटरमध्ये असतं. ताईला सांगा नवा राउटर घ्यायला, मी मॉडेल लिहून देतो." कृष्णराव स्वतः एक्सचेंजमध्ये होते, ते पण मुलाच्या बाजूने. मी म्हटलं, ठीक आहे, तुमचंही होऊ दे. क्षितिजाने नवा राउटर आणला. पाच दिवस लाईन छान चालली. आशिषने तीन दिवस मला पोह्यांच्या ठेल्यावर लोकांसमोर विचारलं, "काय काका, कोण जीतलं?" सहाव्या दिवशी लाईन गेली. आशिष चार दिवस ठेल्यावर आला नाही.

तिकडच्या टेलिफोन कंपनीचा माणूस यापूर्वी दोनदा येऊन गेला होता. तक्रार केल्यावर आठ-दहा दिवसांनी यायचा, तपासायचा आणि तार एकदम ठीक आहे म्हणून सही घेऊन जायचा. क्षितिजाला वाटायचं तो टाळतो. मला तसं वाटलं नाही. मी त्याच्या जागी राहिलो आहे. तो आला तेव्हा तार ठीकच असणार. मग बिघडते तेव्हा असं काय असतं जे तो येईपर्यंत निघून जातं, एवढंच शोधायचं होतं.

वहीचे फोटो ती टेकडीवर जाऊन पाठवायची. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवले. नेट जायचं ते सुटं सुटं नाही. दोन-तीन दिवस सारखं जायचं यायचं, मग अठरा-वीस दिवस काही नाही, मग परत दोन-तीन दिवस. पाऊस असला तर जास्त. शोभना गेली ते दिवस पण त्याच हिशोबात बसत होते. मी त्या मंगळवारवर पण पेन्सिलने खूण केली.

आणि "बाहेर काय दिसतं" या रकान्यात तिने त्या दोन-तीन दिवसांसमोर दर वेळी लिहिलं होतं: खिडकीतून गाई दिसतात.

मी ते वाचलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मी खरं सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल मी फार हुशार.

*

जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नेट परत गेलं. या वेळी क्षितिजाच्या घरी तारेचा फोन होता. मी सांगून ठेवलं होतं की गेल्याबरोबर त्या फोनवरून मला लाव. संध्याकाळी सहाला घंटी वाजली. मी शोभनाची खुर्ची ओढून बसलो, रिसीव्हर उचलला. मी गप्प, ती पण गप्प. तिला आता नियम माहीत होता.

एक, दोन, तीन.

पलीकडे टिक असं वाजलं. मग परत टिक. मग परत. बारीक आवाज, वाटीवर नखाने मारावं तसा. क्षितिजा बोलायला लागली तर मी तिला थांबवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं. मिनिटाला अठ्ठेचाळीस.

हा आवाज मी ऐकलेला नव्हता. शोभनाने ऐकलेला होता.

वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे देपालपूरकडची गावं होती. एका गावात पीसीओवाला रोज तक्रार करायचा. मी तीन वेळा जाऊन आलो, जोड बदलले, तार बदलली. चौथ्यांदा पीसीओमधून घरी फोन लावला. तीन आकडे झाल्यावर शोभना म्हणाली, "अहो, कोणीतरी टिचकी मारतंय." मी म्हटलं खरखर असेल. ती म्हणाली, "खरखर नाही. मोजून मारतंय. मिनिटाला पन्नासच्या आतबाहेर. मी घड्याळ बघितलं." मला काही ऐकू येत नव्हतं, माझ्या बाजूला रस्त्याचा गोंगाट. पण ती म्हणाली म्हणजे असणारच. मग मी त्या गावात मिनिटाला पन्नास ठोके कोण देतं ते शोधत फिरलो. पटेलांच्या शेतात सापडलं. रोजडे, म्हणजे नीलगाई, पीक खातात म्हणून त्यांनी शेताला तारेचं कुंपण घातलं होतं आणि त्याला झटका मशीन लावलं होतं. ते मशीन सेकंद-सव्वा सेकंदाच्या अंतराने झटका सोडतं. त्याची अर्थिंग, म्हणजे जमिनीत ठोकायची सळई, यांनी आमच्या खांबाच्या बुडाशी ठोकली होती. झटका जमिनीतून आमच्या तारेत येत होता.

मी क्षितिजाला विचारलं, "गाई दिसतायत का?"

ती म्हणाली, "हो, समोरच आहेत."

"कुंपण आहे?"

"तार आहे. डोनलची. हात लावू नका म्हणून पाटी आहे."

डोनल म्हणजे त्यांचा शेजारी, पंच्याहत्तरीचा शेतकरी. त्याच्या गाई पाळीपाळीने एकेका कुरणात चरतात. वीस-एक दिवसांनी रस्त्याकडच्या कुरणाची पाळी येते. गाई तिथे असतील तेवढे दिवस तो तिथली तार चालू करतो, गाई गेल्या की बंद. कंपनीचा माणूस येईपर्यंत गाई पुढच्या कुरणात गेलेल्या असायच्या.

मी तिला सांगितलं की टेलिफोनची तार धरून घरापासून चालत जा, एकेका खांबाचा फोटो काढ. पाऊस पडत होता. ती गेली. एकवीस खांब. तासाभराने टेकडीवरून फोटो आले. आठव्या खांबाच्या फोटोत मला दिसलं. टेलिफोनच्या खांबालाच एक पिवळी प्लास्टिकची कडी ठोकली होती आणि कुंपणाची तार त्यातून ओवून पुढे नेली होती. एक लाकडी खुंट वाचवला होता. तिथून पुढे सहा खांबांपर्यंत कुंपणाची तार आणि फोनची तार जवळजवळ चालत होत्या. गवत वाढून कुंपणाला चिकटलं होतं. आणि खांबाच्या बुडाशी गंजलेली सळई.

मला त्या सळईचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मला फक्त वाटलं की हे शोभनाला सांगायला हवं.

*

आता डोनलला कोण सांगणार, हा प्रश्न होता. हृषीकेश म्हणाला, आपण टेलिफोन कंपनीला कळवू, खांब त्यांचा आहे, ते नोटीस देतील. नियमाने बरोबर होतं. पण नोटीस निघून काम होईपर्यंत चाचणी संपली असती, आणि शेजारी कायमचा दुरावला असता. क्षितिजा म्हणाली, मी सरळ जाऊन सांगते की तुमच्या तारेमुळे माझं काम हातचं जातंय.

मी म्हटलं, "तसं नको सांगू. पटेलांना मी तसंच सांगितलं होतं, त्यांनी मला शेतातून हाकललं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन म्हटलं, पटेलजी, तुमची अर्थिंग गंजली आहे, झटका अर्धा जमिनीतच जातो. नीट केली तर रोजडा परत फिरकणार नाही. त्यांनी स्वतः कुदळ आणली."

"हे खोटं नाही ना?"

"खोटं कशाला असेल? गंजलेल्या सळईने आणि गवताने झटका मरतोच. त्याचंही भलं, आपलंही."

ती दुसऱ्या दिवशी गेली, सोबत आपल्याकडून नेलेली लौंग सेव, लवंग घातलेली तिखट शेव, घेऊन. डोनलने मूठभर तोंडात टाकली आणि बराच वेळ खोकत राहिला. मग आणखी घेतली. तार तीस वर्षांपासून तिथेच आहे आणि फोनला कधी काही झालं नाही, असं त्याचं म्हणणं. तिने वाद घातला नाही. विचारलं, गाई बाहेर जातात का? तो म्हणाला, एक जाते, तिला तारेची भीतीच राहिली नाही. तेव्हा तिने त्याला अर्थिंगचं सांगितलं. तो म्हणाला, हे तुला कोणी शिकवलं. ती म्हणाली, माझ्या वडिलांनी, ते भारतात टेलिफोनच्या खांबावर चढायचे. मग त्याने विचारलं नाही तरी तिने सांगितलं की ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी ही तार बंद होती.

तो कोठीत गेला आणि मशीनचं बटन बंद करून आला. म्हणाला, जा, तुझ्या वडिलांना विचार.

घंटी वाजली. मी खुर्चीत बसलोच होतो. उचलला. एक, दोन, तीन. मी पाचपर्यंत गेलो, दहापर्यंत गेलो. तारेत काही नव्हतं. इतकी शांत तार मी नोकरीतही क्वचित ऐकली होती.

मी म्हटलं, "साफ."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटला. आजपर्यंत तो मी ऐकायचो, म्हणायची शोभना.

पलीकडे क्षितिजा रडत असती तर मला ऐकू आलं असतं, लाईनच तशी होती. रडत नव्हती. मग म्हणाली, "बाबा, आता सळया कुठे ठोकायच्या ते सांगा."

सहा-सहा फुटी तीन सळया, शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात, ओल्या जागी, एकमेकींपासून दहा-दहा फुटांवर. मी कागदावर नकाशा काढून पाठवला. रविवारी काम झालं. जमीन दगडाची होती. हृषीकेशने एक ठोकली आणि त्याच्या हाताला फोड आले. दुसरी आणि तिसरी क्षितिजाने ठोकली. डोनल पिंप उलटं करून त्यावर बसला होता आणि सेव खात होता. मग तिने आठव्या खांबावरची कडी काढली, नवे खुंट रोवून कुंपणाची तार रस्त्यापासून आत घेतली आणि गवत कापलं. हृषीकेशने फोटो पाठवला. ओल्या अंगाने, हातात घण घेऊन उभी आहे, गुडघ्यापर्यंत चिखल. मी तो आशिषकडून मोठा करून घेतला. तो म्हणाला, "काका, ताई तर लाईनमन निघाली भिया." इंदोरात काकालाही भिया, म्हणजे भैया, म्हणतात. मी म्हटलं, लाईनमनचीच आहे. त्याने फ्रेमचे पैसे घेतले नाहीत, आणि राउटरबद्दल त्यानंतर आमच्यात काही बोलणं झालं नाही.

*

एक जुलैला चाचणी सुरू झाली. मी कॅलेंडरवर चौदा रकाने आखले. गाई नवव्या दिवशी रस्त्याकडच्या कुरणात येणार होत्या. आठ दिवस मला काळजी नव्हती. नवव्या दिवशी मी बाहेर गेलो नाही. कृष्णराव सकाळी येऊन बसले, जेवायला पण इथेच थांबले. त्यांनी त्यांच्या एक्सचेंजच्या गोष्टी सांगितल्या, सगळ्या मला पाठ होत्या. संध्याकाळी क्षितिजाचा फोन आला. तीन आकडे. साफ. गाई समोर, मशीन चालू, वरून पाऊस, आणि तार साफ. डोनलने निरोप दिला होता की त्या चुकार गाईने सकाळी तारेला नाक लावलं आणि ती आता कुरणाच्या मधोमध उभी आहे.

चौदाव्या दिवसानंतर कंपनीच्या डब्यात एकही नोंद नव्हती. तिला काम मिळालं.

पहिल्या पाळीनंतर तिने मला फोन केला. लोकांची नावं सांगायची परवानगी नाही, म्हणून नाव न घेता सांगितलं. एका आजीचं बटन मांजराने दाबलं होतं. आजी ठीक होत्या. पण बोलायला कोणी मिळालं म्हणून त्यांनी अकरा मिनिटं सोडलं नाही. क्षितिजा म्हणाली, "बाबा, मी उचलल्यावर आधी तीन मोजले. मागून काय आवाज येतो ते ऐकायला. त्यांना वाटलं फोन लागलाच नाही." मी म्हटलं, तिथे नको मोजू, तिथे लगेच बोल. ती म्हणाली, "नाही, एक तरी मोजणार. माणूस पडलेला असेल तर ते आधी आवाजातच कळतं." तिचं बरोबर होतं.

मी दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो होतो. त्याने मान खाली घालून मेथी तोलली, शोभनाचं नाव काढायचं की नाही हे त्याला कळत नसावं. मीच म्हटलं, "कल एक उठाया."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग मेथीची एक जुडी जास्त टाकली.

क्षितिजाच्या कंपनीने एक फॉर्म पाठवला होता, घरच्या माणसाचा पत्ता आणि नंबर. मोबाईल आणि तारेचा, दोन्ही. तारेचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते पण लिहायचं होतं. तिने आईचं नाव लिहिलं आणि मग मला विचारलं की बाबा, हे बदललं का? नसेल बदललं तर बदलून घ्या, नाहीतर कधीतरी कनेक्शन कापतील. बरोबर आहे तिचं. कृष्णरावांनी टेलिफोन ऑफिसातून नाव बदलायचा फॉर्म आणून दिला. मी तो भरला, मृत्यूचा दाखला जोडला, माझा फोटो चिकटवला. तो फोनच्या खाली, जाळीच्या कव्हरात ठेवला आहे. ऑफिस सायकलने दहा मिनिटांवर आहे. दोन महिने झाले, फॉर्म अजून दिलेला नाही.